नाणी भेट देताना आणि घेताना: नाणेसंग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाणेसंग्राहकांच्या बैठकीला पहिल्यांदाच आलेली मंडळी, मुलांना घेऊन आलेले आईवडील आणि घरातला जुना डबा उघडून बसलेली माणसं हे प्रश्न नेहमी विचारतात. महाराष्ट्रात सहज हाती येणारी नाणी डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते: नाणं दिलं आणि त्याची माहिती दिली नाही, तर भेट अर्धीच पोचली.

विकता येणारी नाणी फुकट का द्यायची?

पहिलं कारण व्यवहाराचं आहे. आपण इथे डबल नाण्यांबद्दल, म्हणजे आपल्याकडे आधीच असलेल्या नाण्यांच्या जादा प्रतींबद्दल बोलतोय. त्यातली बहुतेक विकून हाती फारसं काही लागत नाही. १९६० च्या दशकातली ॲल्युमिनियमची वापरलेली चिल्लर विक्रेते वजनावर घेतात. त्याच ढिगातलं तीन पैशांचं षटकोनी नाणं दहा वर्षांच्या मुलीच्या हातावर ठेवा. ती आधी कडा मोजते आणि मग विचारते, "तीनच पैसे का?" तिथून आपण आणे-पैशांच्या जुन्या हिशेबाकडे वळतो. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट. रुपयाचे शंभर पैसे या नव्या पद्धतीत जुना अर्धा आणा तीन पैशांच्या थोडा वर जातो. हे सगळं त्या एका हलक्या नाण्यामुळे तिला कळतं.

दुसरं कारण असं की, या छंदात शिरायला पैसे लागतात असा लोकांचा समज आहे. तो मोडायचा तर पहिली पाच-दहा नाणी कुणीतरी आपणहून द्यायला हवीत. मी पाहिलेले जवळपास सगळे चांगले संग्राहक असेच, शेजारच्या काकांनी किंवा मामाने दिलेल्या नाण्यांपासून सुरू झाले आहेत.

नवख्याला नेमकं काय द्यावं?

थोडंच द्या, पण विचार करून द्या. पन्नास मिसळ नाण्यांच्या पिशवीपेक्षा एकमेकांशी नातं असलेली पाच-सहा नाणी कितीतरी चांगली. मी स्वतः जोडण्या करून ठेवते.

माझी सगळ्यात आवडती जोडणी म्हणजे पैशाचा प्रवास. भोकाचा पैसा, १९५० च्या मालिकेतला घोड्याचा पैसा आणि १९५७ चा नया पैसा. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळातला. महायुद्धात धातूची टंचाई होती, म्हणून मधला भाग काढून टाकून वजन कमी केलं. घोड्याचा पैसा प्रजासत्ताकाच्या पहिल्या मालिकेतला. १५ ऑगस्ट १९५० ला ती मालिका आली आणि राजाच्या चित्राच्या जागी अशोकस्तंभावरचे सिंह आले. आणि नया पैसा १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत सुरू झाली तेव्हाचा. त्यावर "रुपये का सौवाँ भाग" असं चक्क लिहिलेलं आहे, कारण चौसष्टाची सवय असलेल्या लोकांना शंभराचा हिशेब समजावून सांगायचा होता. 'नया' हा शब्द १९६४ च्या जूनमध्ये गळला. तीन लहान नाणी, पण राजवट, युद्ध आणि गणित तिन्ही त्यांच्यात आलं. घरात आजी-आजोबा असतील तर ही तीन नाणी त्यांच्यासमोर ठेवायला मुलाला जरूर सांगा. आपण लिहून दिलेल्या माहितीपेक्षा जास्त गोष्टी तिथे कळतात.

दुसरी जोडणी आकारांची: चौकोनी एक पैसा, लाटदार कडांचा दोन पैसा, षटकोनी तीन पैसा, पुन्हा चौकोनी पाच पैसा, लाटदार दहा पैसा. लहान मुलांना हीच सगळ्यात आधी आवडते.

तिसरी टांकसाळींची. एकाच वर्षाचं, एकाच किमतीचं नाणं चारही टांकसाळींचं मिळवून द्यायचं. सालाच्या खाली बारीक खूण असते: मुंबईची पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची काहीच खूण नाही. याला पैसे जवळजवळ लागतच नाहीत, रोजच्या सुट्ट्या पैशांतून चार खुणा जमतात. भेट घेणाऱ्याला मात्र त्या दिवसापासून दुकानदाराने परत दिलेली चिल्लर उलटून पाहायची सवय लागते.

आणि आपल्या मातीतली जोडणी: डॉ. आंबेडकरांचा १९९० चा रुपया, संत ज्ञानेश्वरांचा १९९९ चा रुपया, त्याच वर्षीचं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं, संत तुकारामांचं २००२ चं, लोकमान्य टिळकांचं २००७ चं पाच रुपयांचं. शाळेत बक्षीस द्यायचं असेल तर यासारखी भेट नाही.

काय देऊ नये?

आपल्याला नको म्हणून समोरच्याला, असं करू नका. छिद्र पाडून गळ्यात घातलेली, घासून गुळगुळीत केलेली, नदीच्या पात्रातून काढलेली खड्डे पडलेली नाणी संग्रहात बसत नाहीत. नवख्याला ते कळत नाही, म्हणून तर आपली जबाबदारी वाढते. एखादं नाणं फक्त धातू किंवा झीज दाखवायला द्यायचं असेल तर तसं सांगून द्या.

नक्कल असलेलं नाणं 'नक्कल' असं लिहिल्याशिवाय कधीही देऊ नका. आज तुम्हाला आठवतं, पण उद्या तेच नाणं तिसऱ्या माणसाच्या हाती खरं म्हणून जातं. आणि ज्याचा उगम आपल्याला सांगता येत नाही, विशेषतः जमिनीतून निघालेलं वाटणारं, ते पुढे सरकवू नका. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

शिवराई भेट द्यावी का?

द्यावी. महाराष्ट्रातल्या संग्राहकाने दुसऱ्याला देण्यासारखं याहून मोलाचं नाणं मला सुचत नाही. पण शिवराई देताना तीन गोष्टी समजावून सांगायला हव्यात, म्हणून या प्रश्नावर जरा थांबते.

एक, काळ. रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हापासून महाराजांच्या नावाची नाणी ओळखली जातात: सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. पण शिवराई लोकांच्या व्यवहारात इतकी रुजली होती की पेशवाईतही ती पाडली जात राहिली, इंग्रजी अंमलाच्या सुरुवातीलाही. बाजारात सहज मिळणाऱ्या बहुतेक शिवराया या नंतरच्या आहेत. दुदांडी, म्हणजे दोन आडव्या रेघांची, शिवराई त्यातलीच. म्हणून "ही महाराजांच्या हातची आहे" असं सांगून नाणं देऊ नका. "महाराजांच्या नावाची आहे, शंभराहून जास्त वर्षं लोकांनी हेच नाव चालवलं" असं सांगा. माझ्या मते हे खरं वाक्य त्या खोट्यापेक्षा जास्त अभिमानाचं आहे.

दोन, वाचन. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति'. नाण्याचा तुकडा ठशापेक्षा लहान असे आणि ठसा हाताने मारत, त्यामुळे पूर्ण अक्षरं क्वचितच येतात. एखादीवर 'राजा' स्पष्ट असतं आणि 'श्री' कडेबाहेर गेलेला असतो. दिवा बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीला धरायचा आणि नाणं बोटांत हळूहळू फिरवायचं. एका कोनात अक्षराची सावली पडते आणि 'शि'ची वेलांटी एकदम दिसते. हे समोर बसून एकदा करून दाखवा. ज्याने स्वतः अक्षर शोधलं, तो ते नाणं सांभाळून ठेवतो.

तीन, नाणं घासायचं नाही. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर यातलं काहीही नको. तांब्यावर आलेला काळपट-तपकिरी थर हीच त्याची राखण आहे. तो काढला की गुलाबी, कच्चं दिसणारं तांबं उरतं आणि अक्षरांच्या कडा जातात. लक्ष्मीपूजनाला नाणी चकचकीत करायची आपल्याकडे पद्धत आहे, त्यामुळे घरच्यांनाही हे सांगावं लागतं.

गडांच्या पायथ्याशी आणि जत्रांत विकायला असतात त्या बहुतेक नकला. मुलाने हौसेने घेतली असेल तर हिरमोड न करता तिच्याशेजारी एक खरी, झिजलेली शिवराई ठेवा. फरक त्यालाच दिसेल.

नाण्याबरोबर काय लिहून द्यायचं?

कोणत्या राजवटीचं, किती किमतीचं, कोणतं साल, कोणती टांकसाळ, कोणता धातू, आणि ते तुमच्याकडे कुठून आलं. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. "जुन्या बाजारातून घेतलं" किंवा "आजीच्या बटव्यातलं" एवढं पुरे. पन्नास वर्षांनी साल आणि धातू कुणीही पुस्तकातून काढील, पण आजीचा बटवा कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही.

नाणं पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये घालणार असाल तर पेन्सिलीने आधी लिहा, मग नाणं घाला. स्टेपल मारल्यावर पिनेची मागे वळलेली टोकं पकडीने दाबून सपाट करा. नाहीतर अल्बममध्ये शेजारच्या नाण्यावर ती टोकं घासतात आणि कायमचा ओरखडा पडतो. मऊ, वास येणारं प्लास्टिक टाळा, त्याने काही वर्षांत तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो.

मला कुणी नाणं दिलं. परत काय द्यायचं?

लगेच काहीच नाही. "यावर काय वाचता आलं" हे पुढच्या भेटीत सांगितलंत तर देणाऱ्याला त्यातच आनंद असतो. काही महिन्यांनी तुमच्याकडेही डबल जमतील, ती तुमच्यानंतर आलेल्याला द्या. हिशेब बरोबरीत आणायला महागडं नाणं विकत घेऊन देणाऱ्यांना मी नेहमी थांबवते, त्याने देणारा अवघडतो.

एक गोष्ट मात्र करू नका. कुणाच्या संग्रहातलं नाणं पाहून "हे मला द्याल का?" असं विचारू नका. अदलाबदलीचा प्रस्ताव ठेवा, तो मोकळेपणाने नाकारता येतो.

भेट मिळालेलं नाणं विकलं तर चालतं का?

नाणं तुमचं आहे, कायद्याने कुणी अडवणार नाही. तरी मी आधी देणाऱ्याला विचारीन. नव्या मुलाला हात लागावा म्हणून दिलेलं नाणं आठवड्याभरात विक्रेत्याच्या ट्रेमध्ये दिसलं की माणूस पुढच्या वेळी हात आखडता घेतो, आणि त्याचा फटका भलत्याच मुलाला बसतो. वर्षांनी संग्रहाची दिशा बदलली, अडचण आली, तर विकण्यात गैर काहीच नाही.

बैठकीत नाणी वाटायची चांगली पद्धत कोणती?

चिठ्ठ्या टाकणं सोपं आणि बरोबरीचं. येताना प्रत्येकाने एखादं नाणं पाकिटात घालून, वर माहिती लिहून आणायचं आणि टेबलावर ठेवायचं. सोळा वर्षांखालच्यांनी आधी निवडायचं, मग बाकीच्यांच्या चिठ्ठ्या. पाकिटावर देणाऱ्याचं नाव असावं की नसावं यावर मतभेद आहेत. मला नाव असलेलं आवडतं, कारण मूल पुढच्या वेळी त्या माणसाला शोधत येतं. "पहिल्या येणाऱ्याला" ही पद्धत टाळा, लांबून बसने येणारे नेहमी मागे राहतात.

एक लहानसं चुंबक टेबलावर ठेवा. १९७५ ते १९९१ मधला तांबे-निकेलचा रुपया त्याला चिकटत नाही, १९९२ नंतरचा पोलादी चिकटतो. मुलं अर्धा तास दुसरीकडे जात नाहीत.

"जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या" असे निरोप येतात. खरे असतात का?

नाही. वैष्णोदेवीचं चित्र असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी लाखोंना जातात अशी आवई वर्षानुवर्षं फिरते आहे. ती २०१२ ची साधी चलनी नाणी आहेत. फसवणुकीचा धागा नेहमी सारखाच असतो: आधी तुमच्या नाण्याला प्रचंड किंमत सांगायची, मग नोंदणी, कर किंवा दलालीच्या नावाखाली तुमच्याकडूनच पैसे मागायचे. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्हसुद्धा वापरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की ती अशा व्यवहारांत पडत नाही, दलाली किंवा शुल्क मागत नाही आणि तिने कुणालाही तसा अधिकार दिलेला नाही.

"फुकट नाणी पाठवतो, फक्त टपालखर्च भरा" हाही त्यातलाच भाऊ. ओळखीचा संग्राहक देत असेल तर तो टपालखर्चही सहसा मागत नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगा. डबा उघडून आशेने बसलेली माणसं यात सगळ्यात जास्त फसतात आणि लाजेने कुणाला सांगत नाहीत.

परदेशातल्या भाच्याला जुनी नाणी पाठवायची आहेत.

शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. शिवराई, राणी छाप म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा रुपया, पंचम जॉर्जची सुरुवातीची नाणी सगळी यात आली. सामानात एखाददुसरं असलं तर कोण बघतंय, असं म्हणू नका. विमानतळावर अडकेल तो भाचा. त्याच्यासाठी प्रजासत्ताकाची नाणी आहेत की. वर सांगितलेली आकारांची जोडणी न्यू जर्सीतल्या मुलालाही तितकीच आवडेल. तीही साध्या पत्रातून पाठवू नका, टपालाच्या नियमात ते बसत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती द्या. देशात पाठवताना स्पीड पोस्ट करा, आणि नाणी पुठ्ठ्यात चिकटपट्टीने घट्ट बसवा म्हणजे पाकीट खुळखुळत नाही.

शेतात नांगरताना नाण्यांचा लोटा सापडला. मित्रांत वाटला तर?

वाटू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी मी हेच सांगीन. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला होता. पराभूत राजाचं चलन सातवाहनांनी कसं आपलंसं केलं, याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसरा नाही. तो पुरावा मिळाला कारण साठा एकत्र तपासला गेला. तीच नाणी गावात घराघरांत एकेक गेली असती तर आपल्याकडे सुटी चांदी उरली असती. लोट्याचा तुकडा, माती, झाकण सगळं तसंच ठेवा आणि कळवा.

वडील गेले. त्यांच्या संग्रहाचं काय करावं?

घाई नको. पहिल्या महिन्यात सहानुभूतीने घरी येणाऱ्या कुणालाही, तो कितीही जुना मित्र असला तरी, "आठवण म्हणून एखादं घ्या" असं म्हणून अल्बम पुढे करू नका. आधी प्रत्येक पानाचे फोटो काढा. वडिलांच्या वह्या, पावत्या, चिठ्ठ्या अल्बमबरोबरच ठेवा. मग दोन वेगवेगळ्या जाणकारांना दाखवा. त्यानंतर मित्रांना आठवणीची नाणी जरूर द्या. त्या माणसाच्या आवडीचं नाणं निवडून दिलं तर फार बरं वाटतं. देव्हाऱ्यातले रुपये मात्र संग्रहात धरू नका, ते घराचे आहेत.

भेट फार मोलाची असेल तर कराचं सल्लागाराला विचारा. नात्याबाहेरच्या माणसाकडून वर्षात मिळालेल्या काही प्रकारच्या भेटी ५०,००० रुपयांच्या वर गेल्या की घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरल्या जातात.

संग्रहालयाला देता येतात का?

येतात, पण आधी पत्र लिहून विचारा. प्रत्येक संग्रहालयाला हवं असतं ते वेगळं, आणि ज्यांच्याकडे आधीच शेकडो राणी छाप रुपये आहेत त्यांना आणखी नको असतात. एखादा विषय धरून जमवलेला, नोंदी असलेला संग्रह असेल तर त्याचं स्वागत होतं. अभ्यासकांच्या हाती जावा असं वाटत असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथलं संग्रहालय आधी पाहून या. मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय मुलांना घेऊन जाण्यासाठी उत्तम. देताना लेखी पोच घ्या आणि नाणी प्रदर्शनात राहतील की भांडारात, हे स्पष्ट विचारा. भांडारात गेली तर वाईट वाटून घेऊ नका, अभ्यास तिथेच होतो.

मी दिलेलं नाणं मुलाने वडापाववर खर्च केलं!

दोन रुपयांचं शिवाजी महाराजांचं नाणं असं गेल्याचं बऱ्याच घरांतून ऐकू येतं. रागावू नका. चलनी नाणं आहे, ते चालवायचंच असं त्याला आपणच शिकवलेलं असतं. दुसरं द्या. या वेळी होल्डरमध्ये घालून, वर त्याच्याच अक्षरात साल आणि टांकसाळ लिहून घ्या.